सेनापती बापट आणि आपला तिसरा नंबर



गेल्या वर्षी दसऱ्याच्या आधी मी वर्गात हरितगृह वायूंचा भाग शिकवत होते. कोणता देश दरवर्षी किती कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो, याचा तक्ता फळ्यावर काढला. पहिला चीन, दुसरी अमेरिका, तिसरा भारत. भारताचा तिसरा नंबर म्हटल्याबरोबर मागच्या बाकावरच्या दोघांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं बक्षीसच आहे! वर्ग हसला, मीही हसले. पण पुढच्या रांगेतली एक मुलगी हसली नाही. तिचे आईवडील ऊसतोडीला जातात. आपल्या पाथर्डी तालुक्यातून दरवर्षी कितीतरी कोयते बाहेर पडतात, हे तुम्हाला सांगायला नकोच. ती म्हणाली की आमच्या कोपीत लाईट नसते, गाडी नाही, फ्रीज नाही, मग या नंबरात आम्हाला कोणी धरलं?

मी तिला दरडोईचा हिशेब सांगितला. देशाचा एकूण आकडा लोकसंख्येने भागला की भारतात माणशी वर्षाला सुमारे 2 टन येतात, जगाची सरासरी पावणेपाच टनांच्या जवळ आहे आणि अमेरिकेत माणशी 14 टनांच्या आसपास. तिने वहीत लिहून घेतलं. पण तिचा प्रश्न आकड्याचा नव्हताच. वापर एकाचा आणि भार दुसऱ्यावर, हे ठरवतं कोण, असं तिला विचारायचं होतं. हे मला घरी गेल्यावर उमगलं.

हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी आपल्याच जिल्ह्यातल्या एका माणसाने विचारला होता आणि त्यापायी आयुष्यातली कितीतरी वर्षं तुरुंगात काढली होती. ते म्हणजे सेनापती बापट. 12 नोव्हेंबरला आपण शाळेत त्यांच्या फोटोला हार घालतो, दोन मुलं भाषण करतात आणि संपतं. भाषणात बॉम्ब असतो, सशस्त्र क्रांती असते, मुळशी मात्र एका ओळीत उरकतं. माझ्या मते मुळशी हाच त्यांच्या आयुष्यातला मुलांना सांगण्यासारखा मोठा भाग आहे. म्हणून आज जरा सविस्तर लिहिते.

पांडुरंग महादेव बापट यांचा जन्म 12 नोव्हेंबर 1880 रोजी पारनेरला झाला. आपण तिसगावकर नगरच्या अलीकडे, पारनेर नगरच्या पलीकडे. जिल्हा तोच (आता अहिल्यानगर), पाऊसही तसाच बेभरवशाचा. घरची परिस्थिती साधी, पण मुलगा अतिशय हुशार. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकले. मंगळदास नथुभाई शिष्यवृत्ती मिळाली आणि 1904 साली ते इंजिनिअरिंग शिकायला स्कॉटलंडमध्ये एडिनबरोला गेले.

इथे थोडं थांबू. एडिनबरो शहराला तिथले लोक जुन्या काळापासून एक टोपणनाव देत आले आहेत, ऑल्ड रीकी. अर्थ साधारण असा की जुनी धुरकट. घराघरांत कोळशाच्या शेगड्या, वर धुराडी. आपण मुलांना वाफेच्या इंजिनाचा जेम्स वॅट शिकवतो ना, तोही स्कॉटलंडचाच. आपला पारनेरचा मुलगा कोळसा आणि वाफ यांच्या माहेरघरी यंत्रं शिकायला गेला होता.

कार्बन डायऑक्साइडची गंमत (गंमत कसली, अडचणच) अशी की तो लवकर जात नाही. बराचसा समुद्र आणि झाडं शोषून घेतात, पण काही भाग शेकडो वर्षं हवेत टिकून राहतो. म्हणजे बापटांनी एडिनबरोत जो धूर पाहिला, त्यातला थोडा वायू आजही आपल्या डोक्यावर आहे. 1900 च्या सुमारास हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे तीनशेच्याही आत भाग होते, आज 420 च्या वर आहेत. कोळसा जाळल्याने पृथ्वी तापू शकते, हे गणित स्वीडनच्या स्वांते अऱ्हेनियसने 1896 सालीच मांडलं होतं. पण तेव्हा कुणाला त्याची काळजी वाटली नाही.

म्हणून मुलांना एक फरक जरूर सांगा. यंदा कुणी किती वायू सोडला हा एक हिशेब आणि आजवर एकूण कुणी किती सोडला हा दुसरा. कोळसा, तेल आणि गॅस जाळून आजवर जेवढा कार्बन डायऑक्साइड हवेत गेला, त्याचा सुमारे चौथा हिस्सा एकट्या अमेरिकेचा आहे. भारताचा चार टक्क्यांच्या आसपास. आणि जगातल्या दर सहा माणसांत एक भारतीय आहे! किराणा दुकानातली उधारीची वही मुलांना माहीत असते. आजची खरेदी वेगळी आणि मागची थकबाकी वेगळी, असं सांगितलं की लगेच कळतं.

तर बापट. एडिनबरोत अभ्यासापेक्षा त्यांचं मन देशात जास्त होतं. इंग्रजी राज्याने हिंदुस्थानचं काय केलं, यावर त्यांनी तिथे जाहीर निबंध वाचला. शिष्यवृत्ती बंद झाली. लंडनला सावरकरांच्या सहवासात आले, तिथून पॅरिसला जाऊन रशियन क्रांतिकारकांकडून बॉम्बची विद्या मिळवली आणि 1908 साली परत आले. पुढे अलीपूर खटल्यात नाव आल्यामुळे काही वर्षं भूमिगत राहावं लागलं, अटकही झाली. हा भाग सगळ्या पुस्तकांत आहे, म्हणून मी तो लांबवत नाही. पारनेरला परतल्यावर हा विलायतेत शिकून आलेला माणूस सकाळी उठून हातात झाडू घेऊन गावातले रस्ते झाडायचा, असं सांगितलं जातं. मुलाच्या बारशाला पहिली पंगत त्यांनी अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांची बसवली, हीसुद्धा आठवण सांगतात. तो काळ 1914 चा होता हे लक्षात घ्या.

आता मुळशीकडे जाऊ, पण आधी मुंबईला जावं लागेल.

त्या काळी मुंबईत कापडाच्या गिरण्या जोरात होत्या. गिरण्या वाफेवर चालायच्या, वाफेला कोळसा लागायचा आणि मुंबईच्या आसपास कोळसा नाही. तो दूर बंगालमधून रेल्वेने यायचा किंवा परदेशातून जहाजाने. महाग पडायचा. शिवाय धूर एवढा की धुराचा उपद्रव आवरण्यासाठी 1912 साली मुंबईसाठी कायदाच करावा लागला. यावर जमशेटजी टाटांनी एक कल्पना काढली होती. सह्याद्रीवर धो धो पाऊस पडतो, ते पाणी वर अडवायचं, नळातून घाटाखाली सोडायचं आणि त्यावर वीज तयार करायची. जमशेटजी 1904 मध्ये वारले, पण त्यांच्यामागे कंपनी उभी राहिली आणि 1915 साली लोणावळ्याच्या तलावांचं पाणी खोपोलीला सोडून वीज तयार होऊ लागली.

आजच्या भाषेत ही स्वच्छ ऊर्जा. कोळसा नाही, धूर नाही. आपण परीक्षेत हरितगृह वायू कमी करण्याचे उपाय लिहा असं विचारतो, तेव्हा मुलं जलविद्युत लिहितात आणि आपण पूर्ण गुण देतो. मीही देते. (धरणात बुडालेली झाडंझुडपं कुजून मिथेन निघतो, तो भाग वेगळा. तरी कोळशापेक्षा पाण्याची वीज साधारणपणे पुष्कळ स्वच्छ, हे खरंच.) तेव्हा कुणी हवामानासाठी हे करत नव्हतं, कोळशाचा खर्च वाचवायचा होता. पण फायदा दोन्हीकडून होता. मग यात वाईट काय?

वाईट कळायला मुळशी पेट्यात यावं लागतं. नीला आणि मुळा या नद्यांच्या संगमाजवळ आणखी एक मोठं धरण बांधायचं ठरलं. पाणी घाटाखाली भिऱ्याला सोडायचं आणि वीज मुंबईला न्यायची. या खोऱ्यात पन्नासच्या आसपास गावं होती आणि दहा-अकरा हजार माणसं. मावळे शेतकरी, आंबेमोहोर भाताची खाचरं. खाचर म्हणजे काय हे आपल्याकडच्या मुलांना सांगावं लागेल, कारण आपली बाजरी-ज्वारीची जमीन. उतारावर बांध घालून, पिढ्यानपिढ्या माती धरून तयार केलेला तो भाताचा तुकडा असतो. तो पैशाने दुसरीकडे विकत मिळत नाही.

या लोकांना आधी कुणी विचारलंसुद्धा नाही. कंपनीची माणसं आली आणि शेतांत चाचणीचे चर खणू लागली, तेव्हा त्यांना कळलं की आपली जमीन जाणार. सरकारने 1894 चा भूसंपादन कायदा लावला. तो कायदा सार्वजनिक कामासाठी होता. खासगी कंपनीचं धरण आणि गिरणीमालकांची वीज हे सार्वजनिक काम कसं झालं, असा प्रश्न पुण्यातल्या लोकांनी विचारला. उत्तर तेव्हाही असंच मिळालं की यात देशाची प्रगती आहे.

16 एप्रिल 1921, रामनवमीचा दिवस. शेकडो मावळे, बायामाणसांसह, धरणाच्या कामावर जाऊन बसले. पुढे बापट होते. काम थांबलं. गांधीजींनी आपल्या पत्रातून टाटांना या गरीब लोकांचा विचार करण्याची विनंती केली. कंपनीने काही महिन्यांसाठी काम थांबवायचं मान्य केलं आणि मावळे घरी गेले. पावसाळ्यानंतर काम पुन्हा सुरू झालं, सत्याग्रहही पुन्हा सुरू झाला. विनायकराव भुस्कुटे यांच्यासारखे कार्यकर्ते बरोबर होते. अटका झाल्या, शिक्षा झाल्या. बापट सुटून आले की पुन्हा मुळशीत आणि मुळशीतून पुन्हा तुरुंगात. लोक त्यांना सेनापती म्हणू लागले ते याच लढ्यात. इंग्रजांशी लढाई करून मिळालेली ही पदवी नाही, भाताची खाचरं वाचवताना मिळालेली आहे. माझ्या वर्गात तर हे कुणालाच माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर डी.एड. करताना मलाही माहीत नव्हतं.

आता थोडं कडू. हा लढा बाहेरून मोडला तसा आतूनही मोडला. खोऱ्यातल्या बऱ्याच जमिनी पुण्यातल्या सावकारांच्या नावावर होत्या. त्यांना खाचरांशी घेणं नव्हतं, भरपाईचा आकडा वाढला की झालं. भरपाई चांगली घ्या म्हणणारे एका बाजूला आणि धरणच नको म्हणणारे बापट दुसऱ्या बाजूला, अशी फूट पडली. जो कसतो त्याचं म्हणणं मागे पडलं आणि ज्याच्या नावावर कागद आहे त्याच्याशी सौदा झाला. शेवटी 1924 साली बापटांनी आणि काही साथीदारांनी कामाची रेल्वे अडवली, शस्त्रही वापरलं. त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली आणि सिंधमधल्या हैदराबादच्या तुरुंगात पाठवलं. ही गाडी अडवणं योग्य की अयोग्य, यावर मोठ्या मुलांचा वाद घ्यायला हरकत नाही. मला स्वतःला ते पटत नाही. पण तीन वर्षं शांतपणे बसलेल्या माणसांचं कुणी ऐकलं नाही, हेही मुलांपासून लपवू नये.

धरण झालं. 1927 च्या सुमारास भिऱ्याची वीज सुरू झाली. बापट तेव्हा तुरुंगातच होते, ते सुटले 1931 साली.

पालकहो, तुम्ही म्हणाल की याचा आणि जगातल्या हरितगृह वायूंचा संबंध काय? संबंध आहे. मुळशीत मुंबई ही विकसित होती आणि मावळ विकसनशील. दिवे तिकडे, पाणी इकडे. जगातही असंच आहे. दीडशे-दोनशे वर्षं कोळसा जाळून काही देश श्रीमंत झाले. आता हवा तापली, समुद्र वाढतोय, पाऊस एकदम पडतो नाहीतर पडतच नाही, आणि त्याचा मार बसतो तो ज्यांनी फारसं जाळलंच नाही त्यांना.

1992 साली ब्राझीलमधल्या रिओ शहरात सगळे देश जमले तेव्हा एक तत्त्व मान्य झालं. जबाबदारी सगळ्यांची, पण सारखी नाही. ज्याने जास्त केलं आणि ज्याच्याकडे जास्त आहे त्याने आधी कमी करावं. 1997 च्या क्योटो करारात विकसित देशांना बंधनं घातली गेली. अमेरिकेने सही केली, पण करार पुढे मंजूर केला नाही. 2015 च्या पॅरिस करारात मग सगळ्यांनीच आपापलं उद्दिष्ट ठरवायचं असं झालं. भारताने 2070 पर्यंत निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणायचं म्हटलं आहे.

त्याच्याही आधी, 1991 साली, दिल्लीच्या अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी एक मुद्दा जोरात मांडला होता. अमेरिकेतल्या एका संस्थेच्या अहवालात भारताचं नाव मोठ्या प्रदूषकांत आलं होतं. त्यावर या दोघांचं म्हणणं असं होतं की गरिबाच्या भातशेतीतून आणि गुराढोरांतून निघणारा मिथेन आणि श्रीमंताच्या मोटारीतून निघणारा कार्बन डायऑक्साइड एकाच मापाने कसा मोजता? एक पोटासाठी आहे, दुसरा चैनीसाठी. हे वाचताना मला मुळशीची भातखाचरंच डोळ्यांपुढे आली.

भरपाईचंही तेच. हवामानामुळे ज्यांचं नुकसान झालं त्या गरीब देशांसाठी निधी काढायचं 2022 साली इजिप्तमधल्या परिषदेत ठरलं. त्यासाठी कितीतरी वर्षं भांडावं लागलं. आणि पैसे मिळाले तरी बुडालेलं बेट किंवा वाहून गेलेली माती परत मिळते का, हा प्रश्न मुळशीच्या लोकांनी शंभर वर्षांपूर्वी विचारलेलाच आहे.

पण इथे आपणही जरा आरशात बघायला हवं. चीन आता विकसनशील म्हणवतो, पण तिथलं दरडोई उत्सर्जन जगाच्या सरासरीच्या बरंच वर गेलंय. आणि भारतातले 2 टन ही सरासरी आहे. मोठ्या शहरात एसी लावून दोन गाड्या वापरणारा आणि फडावर पाचट जाळून चूल पेटवणारा, दोघांची मिळून ती सरासरी. परदेशी परिषदेत आपण गरिबांच्या नावाने बोलतो आणि इथे वापर करताना त्यांना विसरतो, असं होतं ना कधीकधी? पुण्यातल्या सावकारांची गोष्ट म्हणूनच मी वर सांगितली. लढा मावळ्यांच्या नावाने चालला होता आणि सौदा दुसरेच करत होते.

बापटांचं पुढचं आयुष्य थोडक्यात सांगते. 1931 नंतरही तुरुंग सुटला नाही. सुभाषबाबूंच्या फॉरवर्ड ब्लॉकमध्ये काम केलं. 15 ऑगस्ट 1947 ला पुण्यात तिरंगा फडकवण्याचा मान त्यांना मिळाला. स्वातंत्र्यानंतर घरी बसतील तर ते बापट कसले! गोवा मुक्तीच्या लढ्यात होते, संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत होते, तेव्हा वय पंचाहत्तरच्या पुढे. 28 नोव्हेंबर 1967 रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. 1977 साली त्यांच्या नावाचं टपाल तिकीट निघालं. पुण्यात सेनापती बापट रस्ता आहे. मुंबईत माहीमपासून लोअर परळपर्यंत रेल्वेच्या कडेने सेनापती बापट मार्ग जातो. जुन्या गिरण्यांच्या वस्तीतून जाणाऱ्या रस्त्याला त्यांचं नाव दिलंय! ज्या गिरणगावाच्या विजेसाठी मुळशी बुडालं, त्याच गिरणगावातला हा रस्ता. आज त्या गिरण्यांच्या जागी मॉल आणि ऑफिसं आहेत, आणि एसी दिवसभर चालू असतात. मुळशीचं पाणी अजूनही भिऱ्याला जातं.

आपल्या पारनेर तालुक्यातही आता पुण्याला जाताना सुप्याजवळच्या डोंगरावर पवनचक्क्या दिसतात. शाळेच्या सहलीत मुलं खिडकीतून मोजतात. मलाही त्या बघायला आवडतात. कोळसा कमी व्हायलाच हवा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. फक्त मुलांनी मोजताना हेही विचारावं की ती जमीन कुणाची होती, त्यांना विचारलं होतं का, आणि त्यांच्या घरात दिवा आहे का. आमच्या वर्गात हे तीन प्रश्न आता प्रत्येक उपायाखाली लिहायचे ठरलंय, मग ते धरण असो की सोलर.

वर्गात करायचं असेल तर खर्चाशिवाय होतं. पटांगणावर खडूने तीन चौकोन काढा, भारत, जग आणि अमेरिका. प्रत्येकात एकच मूल उभं करा आणि त्याच्या हातात माणशी टनांएवढे खडे द्या, 2, 5 आणि 14. पावणेपाचचे 5 केले तरी चालतं. मग आणखी एक मूल बोलवा, कोपीत राहणारं समजा, आणि त्याला किती खडे द्यायचे हे मुलांनाच ठरवू द्या. आमच्याकडे यावर अर्धा तास भांडण झालं. एकाने अर्धा खडा फोडून दिला.

12 नोव्हेंबरला मी बापटांची ही सगळी गोष्ट वर्गात सांगितली. ज्या मुलीने प्रश्न विचारला होता ती त्या दिवशी नव्हती. दिवाळी झाली आणि टोळी निघाली. तिला हंगामी वसतिगृहात ठेवा म्हणून मी घरी जाऊन आले होते, पण धाकट्या भावाला सांभाळायला कुणी नव्हतं. पट्टा पडला की एप्रिलमध्ये येईल. तिच्या वहीत 2 टन लिहिलेलं पान आहे, त्याच्यापुढून सुरू करायचं आहे.